सुस्काऱ्यांचा पंचनामा

अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार दूरचित्रवाणीवर जे वादविवाद करतात, त्यांचा इतिहास लिहिणारे पंडित आपल्या बखरीचा आरंभ १९६० सालच्या केनेडी-निक्सन सामन्यापासून करतात. हे रिवाजाला धरून असले, तरी त्या संस्थेने आपला परमोत्कर्ष २३ सप्टेंबर १९७६ रोजी फिलाडेल्फियाच्या वॉलनट स्ट्रीट थिएटरात गाठला, आणि तोही ध्वनियंत्रणेतल्या एका क्षुल्लक सुट्या भागाच्या कृपेने, असे माझे नम्र मत आहे. अध्यक्ष जेराल्ड फोर्ड आणि त्यांचे प्रतिस्पर्धी जिमी कार्टर यांचा वाद संपत आला असता आवाज एकाएकी बंद पडला आणि तो पूर्ववत सुरू होईपर्यंत तब्बल २७ मिनिटे लोटली. या काळात जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राचा विद्यमान अध्यक्ष आणि भावी अध्यक्ष एकमेकांपासून चार पावलांवर, आपापल्या मेजामागे खिळल्यासारखे उभे होते. कोणी कोणाकडे गेला नाही, कोणी हस्तांदोलन केले नाही, 'काय हो ही यंत्रे!' एवढा निरुपद्रवी उद्गारही एकाने दुसऱ्यापाशी काढला नाही. फोर्ड यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले, की बसून घ्यावे असे दोघांनाही वाटत असणार. परंतु तशी काही हालचाल केल्यास असल्या अडचणीला तोंड देण्याची कुवत आपल्या अंगी नाही, असा लोकांचा ग्रह होईल, या धास्तीने दोघेही जागचे हलले नाहीत. कार्टर यांना तर ते दृश्य नंतर पाहताना आपण यंत्रमानव दिसल्याची लाज वाटली. मला त्यात लाजण्यासारखे काहीच आढळत नाही. करआकारणी, परराष्ट्रनीती, बेकारी असल्या रुक्ष विषयांचा विटाळ न होता दोन उमेदवारांची केवळ चर्या जनतेपुढे मांडली गेली, असा निर्भेळ योग लोकशाहीच्या इतिहासात त्यापूर्वी आला नव्हता आणि त्यानंतरही आलेला नाही.

मतदाराला नेमके काय पाहावयाचे असते, हे उमेदवारांचे वकील उत्तम जाणतात. २००४ साली धाकटे बुश आणि जॉन केरी यांच्या पक्षकारांनी वादापूर्वी ३२ पानांचा करारनामा सिद्ध केला. मेजाची उंची, दोघांतले अंतर, कोणी कोठपर्यंत चालावे, असा सगळा तपशील त्यात होता. दोन संस्थानिकांच्या सरहद्दीचा तंटाही याहून थोड्या कागदात मिटला असता. त्यातली एक शर्त अशी, की जो उमेदवार बोलत नसेल त्याचे चित्र पडद्यावर दाखवू नये. म्हणजे बोलताना जे करावयाचे ते पढवून घेता येते, ऐकताना मात्र मनुष्य उघडा पडतो, हे उभय पक्षांनी सही-शिक्क्यानिशी मान्य केले होते. वाहिन्यांनी त्या कागदावर सही केलेली नव्हती. त्यांनी ती शर्त केराच्या टोपलीत टाकली, आणि फ्लोरिडातील पहिल्या वादात केरी बोलत असताना बुश यांच्या कपाळावर किती आठ्या पडतात, हे अखिल राष्ट्राने पाहिले. पुढे तेच निवडून आले, ही गोष्ट निराळी. आठ्यांवर भाष्य करून संसार चालविणाऱ्यांनी तिची फारशी दखल घेतली नाही.

परंतु या शास्त्राचा खरा हुतात्मा म्हणजे अल गोर. ३ ऑक्टोबर २००० रोजी बोस्टनमध्ये बुश बोलत असताना, लग्नघरात मानपानावरून बिनसलेल्या व्याह्याप्रमाणे, गोर यांनी सर्वांना ऐकू जातील असे सुस्कारे टाकले, डोळे फिरवले, मान हलवली. मौज अशी, की त्या रात्री घाईने घेतलेल्या जनमतचाचणीत अधिक लोकांनी गोर यांनाच विजयी ठरविले होते. नंतर वाहिन्यांनी सगळे सुस्कारे वेचून एकापुढे एक लावले आणि ती मालिका इतक्या वेळा दाखविली, की ज्यांना रात्री एकही सुस्कारा ऐकू आला नव्हता त्यांनाही आपण त्यांनीच हैराण झालो होतो, असे आठवू लागले. गोर यांच्या सल्लागारांनी मग त्यांना एका विनोदी कार्यक्रमात झालेली त्यांचीच नक्कल पाहावयास लावली. देशाच्या उपाध्यक्षाने विदूषकापुढे बसून आपली चूक समजावून घ्यावी, हा प्रकार आपल्या जुन्या दरबारांतही क्वचितच घडला असेल. परिणाम व्हावयाचा तोच झाला. दुसऱ्या वादात गोर इतके सौम्य झाले, की मनुष्यात पाणी उरले नाही असा बोभाटा झाला. आणि तिसऱ्यात पाणी दाखविण्यासाठी ते बोलत असलेल्या बुश यांच्या अगदी अंगाशी जाऊन उभे राहिले, तेव्हा बुश यांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिले, ओळखीच्या माणसाला करावी तशी किंचित मान लवविली, आणि आपले वाक्य पुढे चालू केले. त्या लवलेल्या मानेला उत्तर देईल असा मुद्दा गोर यांच्या दप्तरात नव्हता. वरकड हिशेब असा, की सुस्कारे टाकणाऱ्या या गृहस्थांना देशभरात पाच लाखांहून अधिक मते जास्त पडली, आणि राज्य गेले ते फ्लोरिडातल्या ५३७ मतांनी. सुस्काऱ्यांवर ज्यांचा सिद्धान्त उभा आहे त्यांनी हवा तो आकडा घ्यावा, घेतातही.

हे वाद तिकडे रात्री नऊला सुरू होतात, म्हणजे इकडे सकाळी साडेसहाला, चहाच्या वेळी. आमच्या शेजारी कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. सूनबाई उशिरा उठत असल्यामुळे ते हा सगळा सोहळा आवाज बंद करून पाहतात, आणि सरकारी नोकरीची सवय म्हणून मांडीवरच्या वहीत रकाने आखून शेरे लिहितात. जून २०२४ च्या अखेरीस अटलांटात बायडेन आणि ट्रम्प यांचा वाद झाला, त्या सकाळची वही त्यांनी मला दाखविली. पडद्यावर डावीकडे ट्रम्प होते, उजवीकडे बायडेन. डाव्या रकान्यात होते : 'बोलण्यात खंड नाही. काय बोलले ते समजले नाही. त्यांस त्याची फिकीर दिसत नाही.' उजव्या रकान्यात एवढेच, की 'तोंड उघडे, नजर हरवलेली. प्रकृतीच्या कारणास्तव रजेचा अर्ज अपेक्षित.' तो अर्ज २१ जुलै रोजी रुजू झाला.

येथे मला माझ्या थट्टेला थोडा लगाम घालणे भाग आहे. चेहरा पाहून निकाल देणारा मतदार सर्वस्वी मूढ असतो असे म्हणावे, तर त्या सकाळी मूक पडद्यापुढे बसलेल्या कारकुनाला जे दिसले ते अध्यक्षांच्या निकटवर्तीयांनी महिनोन्महिने नाकारले होते. चेहऱ्याची साक्ष खरी होती. मात्र त्याच पडद्यावर डाव्या बाजूने जी विधाने होत होती, आणि ज्यांतील पुष्कळ वृत्तसंस्थांनी नंतर पडताळून खोटी ठरविली, त्यांचा चेहऱ्यावर मागमूसही नव्हता. असत्य बोलताना ज्याची जीभ अडखळत नाही, त्याला या न्यायासनापुढे निर्दोष सुटण्याची पूर्ण हमी आहे. आणि सत्य आठवताना जो थांबतो, त्याचा खटला तेथेच संपतो. १९८८ साली मायकेल डुकाकिस यांना पहिलाच प्रश्न असा विचारला गेला, की तुमच्या पत्नीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला, तर गुन्हेगाराला फाशी द्यावी असे तुम्ही म्हणाल काय? त्यांनी शांतपणे नाही म्हणून सांगितले आणि कारणेही दिली. त्यांचे मत जन्मभर हेच होते. पण मतदाराला मत नको होते. त्याला मूठ आपटलेली पाहावयाची होती. तत्त्वनिष्ठा आणि थंडपणा यांतला भेद दाखविणारे भिंग अद्याप कोणत्याही छायाचित्रयंत्राला बसविलेले नाही.

शिवाय मतदार स्वतःच्या डोळ्यांवर तरी कोठे विसंबतो? १९७६ च्याच दुसऱ्या वादात फोर्ड यांनी पूर्व युरोपावर सोव्हिएत वर्चस्व नाही, असे ठणकावून सांगितले. त्या रात्री लगेच ज्यांना विचारले, त्यांच्यात फोर्ड यांचे पारडे किंचित जडच होते. दुसरा दिवस उजाडला, वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी ती घोडचूक दिवसभर घोळविली, आणि संध्याकाळपर्यंत लोकांना कार्टर यांचा दणदणीत विजय आदल्या रात्रीच दिसला होता, असे निष्पन्न झाले. निक्सन यांचे तेच. गुडघ्याच्या दुखण्याने ते खंगले होते, अंगावरचा करडा पोशाख पार्श्वभूमीत मिसळून जात होता, दाढीच्या खुंटांवर फासलेली पावडर घामाने ओघळत होती. हे सर्व खरे. परंतु 'रेडिओवर ऐकणाऱ्यांनी निक्सन यांनाच जिंकविले' ही जी आख्यायिका आजवर पाठ केली जाते, तिचा मुख्य आधार म्हणजे एका पाहणीत सापडलेले २८२ श्रोते. तेवढ्या भांडवलावर साठ वर्षे व्याख्याने चालली आहेत.

सबब, सर्व बाजूंचा विचार करून, मी पुढील मसुदा संबंधितांकडे सादर करीत आहे. यापुढे अध्यक्षीय वाद मुळातच ध्वनिविरहित असावेत. उमेदवारांनी २७ मिनिटे उभे राहावे. आठ्या, सुस्कारे, घड्याळाकडे टाकलेला कटाक्ष (१९९२ साली थोरल्या बुश यांना हाच कटाक्ष नडला, आणखी दहाच मिनिटे हे सोसायचे, असे मनात आल्याचे त्यांनी पुढे प्रांजळपणे सांगितले) यांची नोंद पंचांसमक्ष व्हावी. निकाल त्याच रात्री जाहीर न करता, आपण काय पाहिले हे मतदारांना कळविले जाईपर्यंत राखून ठेवावा. प्रवेश केवळ उमेदवारांना असावा, अपवाद माशीचा. २०२० साली उपाध्यक्ष माइक पेन्स यांच्या शुभ्र केसांवर जी माशी सुमारे दोन मिनिटे बसली, तिला कोणी पढविले नव्हते, तिच्या वतीने करारनामा झाला नव्हता, आणि तिच्या कामगिरीनंतर प्रतिपक्षाने त्याच रात्री विक्रीस काढलेले माश्या मारण्याचे झोडपे हातोहात खपले. वाद कशावर होता, हे त्या खरेदीदारांना विचारण्याचे कारण नाही. पावती जपून ठेवावी म्हणजे झाले.