पाच मिनिटांवर

पेठेतल्या माणसानं उपनगरात बंगला बांधला की पहिलं वर्षभर तो राहण्यासाठी नसतोच, दाखवण्यासाठी असतो. आमचे आण्णा अजून त्याच वर्षात आहेत.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या वाटणीच्या दोन खोल्या भावाला सोडून आण्णांनी पाचगावात टुमदार बंगला उठवला. पाहुणा आला की चहाआधी गच्ची. टाकीला एक हात टेकून दुसऱ्या हातानं ते आसमंत वाटायला घेतात. "हिकडं कळंबा तलाव, पाच मिनिटं. तिकडं विद्यापीठ, पाच मिनिटं. पोरांचं शिक्षण दारातच म्हणा की. मोरेवाडीची चित्रनगरी पाच मिनिटं, शूटिंग बघाय चप्पलसुद्धा नको. आणि कळंबा जेल..." इथं पाहुणा दचकतो. "अहो, चोवीस तास पोलिस जवळ!" ही पाच मिनिटं पहाटे चारला, मोकळ्या रस्त्यावर, उतारानं मोजलेली असतात. येतानाचा चढ आण्णा धरत नाहीत.

पुराचा हुकमी पत्ता शेवटी. "2019 ला बघितलं, 2021 ला बघितलं. राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी कवाच मागं पडलेली. दुधाळीत पाणी, कुंभार गल्लीत पाणी. आमच्या दारात थेंब न्हाई!"

"नळालाबी नव्हता," चहाचा ट्रे टेकवत वहिनी म्हणतात. "मी कळशी घेऊन टँकरमागं पळत होतो."

आण्णा तेवढ्यात पाहुण्याला पार्किंग दाखवायला नेतात.

एवढ्या सोयी, पण आण्णा त्यातली एक वापरतील तर शपथ. कोपऱ्यावर डेअरी आहे, तरी सकाळी सहाला गाडी काढून गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर. म्हैस डोळ्यांदेखत पिळून उंच ग्लास हातात पडायला हवा. तो एका दमात उपडा करून मिशीवरचा फेस मनगटानं पुसल्याशिवाय त्यांचा दिवस उजाडत नाही. तिथनं मिसळ. तिथनं दाढी, तीही पेठेतच. कॉलनीतल्या सलूनवाल्याला म्हणे त्यांच्या गालाचं वळण माहीत नाही. संध्याकाळी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीची फुटबॉल मॅच, मॅच नसेल तर खासबागेची भेळ. मध्ये दुपारी तासभर झोपायला तेवढे बंगल्यात. कॉलनीच्या बागेतल्या बाकड्यावर देणगीदार म्हणून त्यांचं नाव आहे. त्यावर बसलेले मात्र ते कुणाला दिसलेले नाहीत.

खरी गंमत हद्दवाढीची. 1972 साली महापालिका झाली, त्यानंतर शहर चहूबाजूंनी पसरलं आणि हद्द होती तिथंच राहिली. पाचगाव ग्रामपंचायतीत. तालमीच्या दारात आण्णा हद्दवाढीचे कट्टर समर्थक: "शहर वाढाय पाहिजे, निधी याय पाहिजे!" जरगनगर ओलांडून गाडी चढाला लागली की घरफाळा आठवतो आणि ते तितकेच कट्टर विरोधक होतात. मतदार यादीत नाव पेठेतलं, वर्गणी दोन्हीकडं. एकदा तर समर्थकांचा आणि विरोधकांचा असे दोन्ही फलक त्यांच्याच डिकीत सापडले.

परवा अंगणात चार शेजारी जमवून आण्णा हद्द कुठवर न्यावी ते समजावत होते. वहिनी दारात आल्या.

"महापालिकेचं व्हईल तवा व्हईल. आधी तुमची हद्द ठरवा. रात्रीचं जेवण हितं हाय, का पेठेत?"