नागपूरचे सिग्नल आणि आमची आठशे

अमरावती सोडल्यापासून आमची जुनी, कार्बोरेटरवाली मारुती आठशे अशी सुसाट धावली की कोंढाळीपाशी सौभाग्यवतींनी चक्क तिचं कौतुक केलं. दृष्ट लागली ती तिथंच. वाडीला पहिला लाल दिवा दिसला, माझा पाय रेसवरून निघाला आणि गाडीनं मान टाकली.

नागपूर नीट बघायचं तर सिग्नलला बंद पडणारी गाडी हवी. दर चौकात मुक्काम आणि दर मुक्कामी एक तज्ज्ञ. रविनगरला स्कूटरवाल्यानं खिडकीत डोकं घातलं, "काहून बंद पडून राहिली जी? पेट्रोलमंदी पाणी असंन!" लॉ कॉलेज चौकात निदान बदललं: प्लग. झीरो माइलपाशी तर रसवंतीवाल्यानं फ्युएल पंपावर ओलं फडकंच टाकलं. "नवतपा हाये भाऊ. इथं माणसं बंद पडून राहिले, तुमची तं गाडी हाये." उन्हानं पेट्रोलची पाइपातच वाफ होते, हे खरं. पण गाडी फडक्यासकट बंद पडली. झीरो माइलच्या स्तंभाजवळचे घोड्यांचे चार पुतळे जागच्या जागी किती शांत उभे! आमच्या 796 सीसीला तेवढंच जमत नव्हतं.

कॉटन मार्केटकडच्या एका बोळात मिस्त्री भेटले. त्यांनी बॉनेटला हात लावण्याआधी सुपारी कातरली.

"हायवेले चालते?"

"उत्तम."

"उभी राह्यली का मरते? मंग पंप नाही, प्लग नाही. हवा घेऊन राहिली ते."

रेस देऊन त्यांनी इंजिन जिवंत ठेवलं आणि मॅनिफोल्डला जोडलेल्या रबरी व्हॅक्यूम पाइपावरून बोट फिरवत नेलं. वाकणाशी केसाएवढी चीर होती. तिच्यावर बोट दाबलं, रेस सोडली. इंजिन एकसुरात घुमू लागलं. बोट उचललं, धडधड, आचका, बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा घुमलं. हायवेवर थ्रॉटल उघडा असतो, ढीगभर हवा आत जाते, त्यात चिरेतली चोरटी हवा खपून जाते. उभ्या गाडीत थ्रॉटल जवळपास मिटलेला, आत ओढ जबर. मग त्या चिरेतूनच इतकी हवा शिरते की पेट्रोल कमी पडतं. इतकं समजावूनही मिस्त्रींनी माझ्याकडे 'पुण्याचे वाटतं' अशा नजरेनं पाहिलं.

वीतभर नवा पाइप, दोन क्लिपा, आयडलिंगच्या स्क्रूला पाव फेरा. पैसे इतके थोडे सांगितले की घासाघीस करणं सौभाग्यवतींनाही प्रशस्त वाटेना.

आता मात्र गाडी कुठंही, कितीही वेळ उभी राहायला तयार होती. मोठ्या उमेदीनं आम्ही पुन्हा रस्त्याला लागलो. पहिला चौक, दुसरा, तिसरा. दिवा कुठंच लागेना. चौथ्या चौकात झाडाखालच्या शिपायाला विचारलं.

"दुपारी बंद ठिवतो जी सिग्नल," तो म्हणाला, "उन्हात उभं राहून राहून लोकायले भोवळ येते."