कठड्यापलीकडची मावशी

मराठी माणसाची गाडी रस्त्यात बंद पडली की तो खाली उतरतो, बोनेट उघडतो आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून आत बघत उभा राहतो. आत काय बघायचं असतं ते त्याला ठाऊक नसतं. पण बघितलं नाही तर बरोबरची मंडळी काय म्हणतील, ते ठाऊक असतं. पूर्वी निदान इंजिन तरी दिसायचं. वायरी, पट्टे, तेलाचे ओघळ, उगाच पाना लावून घट्ट करता येईल असा एखादा नट. आता बोनेट उघडलं की दिसतं काळं प्लास्टिकचं झाकण आणि त्यावर कंपनीचं नाव. तरीही माणसं दहा-दहा मिनिटं ते नाव वाचत उभी असतात.

हे संस्कार फियाटच्या काळातले. मे महिन्यात बोरघाट चढायचा म्हणजे गाडी तापणार, हे धरूनच चालायचं. डिकीत पाण्याचा कॅन असायचा. शिंग्रोबाच्या देवळापाशी खिडकीतून नाणं टाकलं जायचं. इंग्रजांना घाटातली वाट दाखवणारा हा धनगर. त्याच्यामुळे रेल्वेची सोय झाली अशी आख्यायिका आहे, तेव्हा मोटारींकडेही त्यानेच बघावं अशी सगळ्यांची अपेक्षा. तरीही एखाद्या वळणावर गाडी वाफ सोडत थांबायचीच. मग सतरंजी अंथरायची, डबे उघडायचे, पोरांनी रस्त्यावरच पकडापकडी खेळायची. मागून येणारा ट्रक इतका सावकाश चढत असे, की त्याचा क्लीनर उतरून आपली चौकशी करायचा, एक पुरी खायचा आणि चालत जाऊन पुन्हा ट्रक गाठायचा. अशा रस्त्यावर बंद गाडीभोवती संमेलन भरवण्यात फारसा धोका नव्हता.

पुढे २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि गाड्या ताशी शंभरने पळू लागल्या. आमचे संस्कार मात्र अजून पहिल्या गिअरमध्येच आहेत. ताशी शंभर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. "चटणीची वाटी कुठे ठेवलीस गं?" एवढं विचारून होईपर्यंत मागची गाडी पन्नास मीटर पुढे आलेली असते. तिच्या चालकाला समोरची गाडी चालती नसून उभी आहे, हे उमजायलाच एखादा सेकंद लागतो. रात्री तर आमची मंडळी नेमकी गाडीच्या मागच्या बाजूला गोळा होतात आणि जे दोन लाल दिवे जीव वाचवू शकले असते, ते पाठीने झाकून टाकतात.

मी स्वतः गाडी चालवत नाही. चालकाच्या शेजारी बसतो, आणि हाताला काम नसल्यामुळे समोरच्या कप्प्यातलं गाडीचं पुस्तक वाचतो. ते पुस्तक वाचणारा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही. घरात माझ्या या ज्ञानाला काडीची किंमत नाही. मावशीच्या नातीच्या साखरपुड्याला आम्ही मुंबईहून चिंचवडला निघालो, तेव्हा डिकीत सामान भरण्याआधी मी तळाशी पडलेला लाल त्रिकोण काढून पायाशी घेतला. त्यावर ताई म्हणाली, "ह्याला लहानपणीही असंच काहीतरी उराशी धरून बसायची सवय होती." मग त्या डिकीत आंब्याच्या पेट्या, साड्या, पेढ्यांचे पुडे, झेंडूच्या हारांची करंडी आणि मावशीची एक गूढ पिशवी अशा क्रमाने सामान बसलं. त्याखालून त्रिकोण काढायचा म्हणजे रस्त्याकडे पाठ करून अर्धा संसार बाहेर मांडावा लागला असता. गाडी बनवणारे तो त्रिकोण डिकीच्या तळाशी का ठेवतात, याचा खुलासा पुस्तकात नाही.

खोपोली मागे पडली, चढ लागला आणि तापमानाचा काटा वर सरकू लागला. भावोजी त्याच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. मी म्हणालो, "भावोजी, एसी बंद करा आणि हीटर पूर्ण सोडा."

बाहेर मे महिना. मावशी पैठणीत. "अरे, मला काय भाजायला घेतलंयस?"

पण हा उपाय खरा आहे. हीटर इंजिनाच्याच गरम पाण्यातली उष्णता ओढून आत फेकतो, म्हणजे इंजिनाचा ताप आपण वाटून घेतो. आम्ही तो मनापासून वाटून घेतला. चारही काचा खाली, चेहरे लालबुंद, आणि शेजारून जाणाऱ्या गाड्यांमधली गारेगार माणसं आमच्याकडे कुतूहलाने बघताहेत. काटा थोडा खाली आला, घाट संपला, लोणावळा मागे पडलं. आणि सपाटीला लागल्यावर बोनेटखालून वाफ निघाली.

भावोजींनी गाडी अगदी डावीकडे घेतली, चारही इंडिकेटर लावले, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला. इथवर सगळं उत्तम. फक्त त्या चार इंडिकेटरांवर आता कोणाचा विश्वास उरलेला नाही. शहरात त्यांचा अर्थ "वडापाव घेऊन आलोच" असा होतो, बोगद्यात "मला भीती वाटते" असा, आणि पावसात "माझ्यामागे या" असा. त्यामुळे खरोखर संकटात सापडलेला माणूस ते लावतो, तेव्हा मागच्याला वाटतं, हा पेढे घ्यायला थांबलेला दिसतो.

"सगळ्यांनी डाव्या दाराने उतरा," मी म्हणालो.

उजवीकडच्या दाराशेजारून कंटेनर जात होते, तेव्हा वाद घालण्यासारखं काही नव्हतं. पण भावोजींना चालकाच्या जागेवरून गिअरच्या दांड्यावरून डावीकडे यायचं होतं, आणि भावोजी बँकेतून निवृत्त झाल्यापासून सुखवस्तू झालेले. त्या प्रवासात हॉर्न दोनदा वाजला आणि वायपर आपोआप सुरू झाले.

खरी अडचण पुढेच होती. मावशी उतरेना. "मी आपली गाडीतच बसते. सावली आहे." गाडी बंद पडली तरी ती आपल्याला घरच वाटते, चार भिंती, छप्पर, आत बसलेलं माणूस सुरक्षित. प्रत्यक्षात रस्त्याकडेला उभ्या गाडीला मागून धडक बसणं हाच मोठा धोका, त्यामुळे त्या घटकेला सगळ्यात वाईट जागा गाडीची सीटच. हे मी मावशीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "शुभकार्याला निघताना असं अभद्र बोलू नये," आणि उतरली.

मग कठडा. पन्हाळीदार पत्र्याचा, गुडघ्याच्या बराच वर. सत्तरी उलटलेली बाई आणि नऊवारी पैठणी तो ओलांडण्याच्या दृष्टीने बनवलेली नाही. एका बाजूने ताई, दुसऱ्या बाजूने मी, पलीकडून सूचना देणारे भावोजी. मावशी कठड्यावर घोड्यावर बसतात तशी क्षणभर स्थिरावली, तिने दोन्हीकडचा मुलूख न्याहाळला आणि "माझ्या लग्नातसुद्धा मला कोणी उचललं नव्हतं," असं म्हणत पलीकडे उतरली. उतरल्यावर मी सगळ्यांना मागे, मुंबईच्या दिशेला नेलं. गाडीला मागून ठोकर बसली तर ती पुढे फेकली जाते. पुढच्या बाजूला उभं राहिलो तर कठड्याचाही भरवसा नाही. त्या दिवशी माझं सगळं बरोबर येत होतं, आणि त्याचं कौतुक करायला एकही माणूस तयार नव्हता.

त्रिकोण उघडून, छातीशी धरून, कठड्याच्या आतूनच मी मागे चालत गेलो. येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून, शंभरेक पावलं. वाहनांच्या ओळीत मोकळी फट मिळाल्यावर तो कडेला ठेवला आणि पुन्हा आत आलो. तेवढ्यात एका बसच्या वाऱ्याने तो आडवा झाला. मी तो उचलायला गेलो नाही. इंग्लंडच्या वाहतूक नियमावलीत मोटरवेवर त्रिकोण ठेवूच नका असं स्पष्ट सांगितलंय, कारण त्रिकोण वाचवायला गेलेला माणूसच जातो. ही माहिती मी परत येऊन दिली तेव्हा ताई म्हणाली, "मग मुंबईपासून पायाशी कशाला घेऊन बसलास?"

आपल्याकडे त्रिकोणाचं काम खरं तर दगड करतात. ट्रक बंद पडला की क्लीनर उतरून मागे धोंडे मांडतो आणि त्यांत झाडाची एक फांदी खोचतो. ही लिपी देशभर कळते. फांदी हिरवी असेल तर बिघाड ताजा. पानं वाळली असतील तर पार्ट पुण्याहून यायचा आहे. पण दुरुस्ती झाल्यावर ट्रक निघून जातो आणि धोंडे तिथेच राहतात. अंधारात येणाऱ्या मोटरसायकलवाल्यासाठी उभ्या ट्रकपेक्षा निघून गेलेला ट्रक जास्त घातक. रस्त्यावर धोंडा मांडणारा प्रत्येक जण उपकार करत असतो, उचलायचा मात्र कोणी हे ठरलेलं नाही.

इकडे भावोजींच्या हाताला कंड सुटली होती. त्यांना रेडिएटरचं झाकण उघडून पाणी ओतायचं होतं; बाटली त्यांच्या हातात तयारच होती. मी सांगू लागलो की आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि झाकण फिरवताच दाब जाऊन सगळं एकदम... पण माझं कोण ऐकतं? मावशीने एका वाक्यात विषय संपवला. "अहो, वाफ जिरल्याशिवाय कुकर उघडतात का कधी?" भावोजींनी बाटलीतलं पाणी पिऊन टाकलं.

मदतीसाठीचा नंबर रस्त्यालगतच्या फलकावर होता. तो लावला. पलीकडच्या माणसाने विचारलं, कुठे आहात? भावोजी म्हणाले, लोणावळ्याच्या पुढे. ताई म्हणाली, सांगा, उजवीकडे हॉटेलची जाहिरात आहे. मावशी म्हणाली, समोर डोंगर आहे म्हणावं. पलीकडचा माणूस सह्याद्रीशी चांगलाच परिचित असावा, त्याने शांतपणे विचारलं, "किलोमीटरचा दगड दिसतोय का, आणि तुम्ही मुंबईकडे तोंड करून आहात की पुण्याकडे?" या दोन गोष्टी आधीच बघून फोन करावा, म्हणजे क्रेन उलट्या बाजूने येऊन दुभाजकापलीकडून हात हलवत बसत नाही.

गाडी ऑटोमॅटिक होती, म्हणून मी दोर बांधून टोचन करायला साफ नकार दिला. अशा गाडीची चाकं फरफटत नेली तर गिअरबॉक्सचं वाटोळं होतं. सपाट पाठीचा ट्रक आला, गाडी त्यावर चढली, चाकं पट्ट्यांनी बांधली गेली. गाडीत बसून जायचा हट्ट मावशीने धरून पाहिला; ड्रायव्हरने तिला केबिनमध्ये आपल्या शेजारची जागा दिली आणि आम्ही मागच्या बाकड्यावर कोंबून बसलो. निघण्यापूर्वी मावशीने करंडीतला सगळ्यात मोठा झेंडूचा हार काढून बोनेटला बांधायला लावला. "शुभकार्याला जातोय. मेल्यासारखी काय न्यायची?"

गॅरेज चिंचवडलाच होतं, पण कार्यालय त्याच्या अलीकडे. लाडू आणि गप्पा यांच्या जोरावर मावशीने ड्रायव्हरला आधी कार्यालयाच्या दारात ट्रक उभा करायला लावला. वरपक्ष नुकताच येऊन दारात पन्हं पीत उभा होता. त्यांनी ट्रक पाहिला, त्यावरची हार घातलेली गाडी पाहिली, केबिनमधून उतरणारी पैठणीतली मुलीची आजी पाहिली. नवऱ्या मुलाचे वडील हातातला पेला ठेवून लगबगीने पुढे आले आणि संकोचाने म्हणाले, "अहो, हे कशाला? आमची तशी काही अपेक्षा नव्हती."