साहेब ब्याऐंशी टक्के, शिपाई शून्य

भिवंडीच्या गोदामांतून सकाळी बाहेर पडणाऱ्या विजेवरच्या डिलिव्हरी व्हॅनच्या अंगावर हल्ली बरंच काही लिहिलेलं असतं. ‘शून्य धूर’, ‘शून्य आवाज’, ‘वसुंधरेसाठी एक पाऊल’. पानाफुलांची वेलबुट्टी असते, हिरव्या नंबरप्लेटवर पिवळे आकडे असतात. एवढंच कुठे लिहिलेलं नसतं, की या गाडीत बॅटऱ्या दोन आहेत; गाडी चालते मोठीवर आणि बंद पडते छोटीमुळे.

मोठी बॅटरी म्हणजे साहेब. जाहिरातीत फोटो तिचा, भाषणांत नाव तिचं, वॉरंटी सात-आठ वर्षांची. छोटी म्हणजे शिपाई. बारा व्होल्टची, शिशाची, तुमच्या-आमच्या पेट्रोल गाडीत असते तीच. सीटखाली किंवा बॉनेटखाली, जिथे जागा उरेल तिथे कोंबलेली. वॉरंटीच्या बाबतीत तिची गणना वायपरच्या रबराच्या आसपास होते. पण साहेबांच्या केबिनची किल्ली या शिपायाकडे असते. मोठ्या बॅटरीचा प्रवाह बाहेर सोडणारे जाडजूड स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, स्प्रिंगच्या जोरावर कायम तुटलेलेच राहतात. ते जोडायला बारा व्होल्ट लागतात. ही व्यवस्था मुद्दाम केलेली आहे, कारण अपघातात छोटी वीज गेली की मोठी आपोआप तुटावी. दारांची कुलपं, दिवे, हॉर्न, गाडीतले सगळे कॉम्प्युटर यांचाही कारभार शिपायाच्याच हाती. तो आला नाही, की साहेब भरपगारी केबिनमध्ये अडकून.

बरं, या शिपायाला जेवू घालतात साहेबच. पेट्रोल गाडीत हे काम अल्टरनेटर करतो. इथे डीसी-डीसी कन्व्हर्टर नावाची पेटी मोठ्या बॅटरीतली वीज चौदा व्होल्टच्या आसपास उतरवून छोटीला देते. पण बऱ्याच गाड्यांत ते कधी, तर गाडी ‘रेडी’ असेल किंवा चार्जिंगला लावलेली असेल तेव्हाच. म्हणजे साहेबांना बाहेर काढायला शिपाई हवा, आणि शिपायाला जेवायला साहेब बाहेर हवेत. एखाद्या दिवशी शिपाई उपाशीपोटी आडवा झाला, की हा गुंता सोडवायला बाहेरचाच माणूस लागतो. चार्जिंगची पिन खुपसूनही उपयोग नसतो. पिन लागली आहे हे कळायलासुद्धा गाडीला आधी जाग हवी ना!

डोंबिवलीतल्या एका सोसायटीच्या गेटमध्ये परवा अशीच एक व्हॅन बसली. ड्रायव्हर तिसऱ्या मजल्यावर मिक्सरचं खोकं देऊन खाली आला, किल्ली फिरवली. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदा लुकलुकले, आतून टिकटिकटिक झालं आणि अंधार. त्याने सुपरवायझरला फोन लावला.

“सर, गाडी उठत नाहीये.”

“चार्ज संपवलास ना?”

“नाही सर, भरपूर होता.”

“थांब, बघतो. हे काय, ॲपवर ब्याऐंशी टक्के दाखवतंय! मग चालू का करत नाहीस?”

ॲपवरचा आकडा गाडीने शेवटचा श्वास घेताना कळवलेला होता. मृत्युपत्र वाचून माणसाची तब्येत ठणठणीत असल्याचा निष्कर्ष काढावा, तसं हे चाललं होतं.

एव्हाना गेटपाशी सल्लागार मंडळ जमलं होतं. एसटीला धक्के मारण्यात ज्यांची उमेद गेली ते दोन आजोबा बाह्या सरसावून पुढे आले. “सेकंडला टाक रे, आम्ही ढकलतो.” ड्रायव्हर म्हणाला, “काका, हिला गिअरच नाहीत.” यावर आजोबांनी गाडीकडे जो कटाक्ष टाकला, त्यात विसाव्या शतकाने एकविसाव्या शतकाची केलेली कीव होती. विजेची गाडी कल्याणपर्यंत ढकलत नेली तरी सुरू होत नाही. कंपनीच्या हेल्पलाइनने बराच वेळ बासरी ऐकवली आणि गाडी वर्कशॉपला आणा, पण ओढत आणू नका, सपाट पाठीच्या ट्रकवर चढवून आणा, असा आदेश दिला. ट्रकचं भाडं नव्या बारा व्होल्ट बॅटरीपेक्षा जास्त होतं. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने लांबूनच हात जोडले. “नारिंगी वायर दिसली की आपण हात लावत नाही.” नियम शंभर टक्के बरोबर! जास्त दाबाच्या केबल जगभर नारिंगी ठेवतात त्या याचसाठी. पण छोट्या बॅटरीला नारिंगी काहीच नसतं. तिच्या वायरी काळ्या-तांबड्या, ज्या तो रोज दहा गाड्यांच्या सोडतो.

शेवटी क्रांती वाचवली एका सीएनजी रिक्षावाल्याने. त्याने सीटखालून जम्पर केबल काढली, रिक्षाच्या बॅटरीला लावली, आणि व्हॅन जागी झाली. यात चमत्कार नाही. पेट्रोल गाडीचा स्टार्टर फिरवायला शंभर-दोनशे अँपिअर ओढावे लागतात. इथे स्टार्टरच नाही, नुसतं कॉन्टॅक्टर जुळेपर्यंत कॉम्प्युटरला जागं ठेवायचं. पुढचं कन्व्हर्टर बघतो. उलट विजेच्या गाडीवरून दुसऱ्या गाडीला जम्प देऊ नका, असं मात्र बहुतेक मॅन्युअलांत बजावलेलं असतं. घेण्याची सोय आहे, देण्याची नाही.

स्टार्टर नसण्यात एक मेख आहे. पेट्रोल गाडीची बॅटरी मरण्याआधी आठवडाभर सकाळी घर्र-घर्र करून कण्हते, शेजाऱ्यांनाही कळतं. विजेच्या गाडीत कण्हायचं कारणच येत नाही. काल संध्याकाळपर्यंत ठीक, आज सकाळी खलास. आणि डिलिव्हरी व्हॅनमध्ये या छोट्या बॅटरीवर काय काय लादलेलं असतं पाहा. दिवसभर दारं उघडझाप, प्रत्येक वेळी कॉम्प्युटर दचकून उठणार. मालकाने बसवलेला ट्रॅकर चोवीस तास वीज चोखणार. ट्रॅकरवाल्यावर विश्वास नाही म्हणून कॅमेरा. ड्रायव्हर दुपारी सावलीत थांबला, की किल्ली नुसती ‘ऑन’ ठेवून गाणी लावणार आणि फोन चार्जिंगला. ‘रेडी’ करणार नाही, कारण रेडी केली की मोठी बॅटरी खर्च होते अशी त्याची प्रामाणिक समजूत. वर कोकणपट्टीचा उन्हाळा. शिसं-आम्लाच्या बॅटरीला उष्णता मानवत नाही, आणि अर्धपोटी राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. तीन-चार वर्षं काढली तरी तिचा सत्कार करायला हवा.

या शिशाच्या बॅटरीचं घराणं मोठं आहे. फ्रान्सच्या गास्तों प्लांतेने ती १८५९ साली बनवली, तेव्हा आगगाडी बोरघाटही चढली नव्हती. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विजेच्या मोटारी चांगल्या रुळल्या होत्या. पेट्रोल गाडी सुरू करायला पुढे उभं राहून दांडा फिरवावा लागे आणि तो उलटला तर मनगट मोडे. विजेच्या गाडीला हा त्रास नव्हता. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा स्टार्टर आला, तो याच शिशाच्या बॅटरीच्या जोरावर. दांडा गेला, पेट्रोल गाडी घरोघरी पोचली, विजेची गाडी अडगळीत पडली. कारणं आणखीही होती, पण तिच्या तिरडीला खांदा देणाऱ्यांत ही बॅटरी पुढे होती. शंभर वर्षांनी विजेची गाडी परत आली, आणि तिने सीटखाली बसवलं कोणाला? तर हिलाच.

ही बॅटरी बदलण्याचं काम म्हणाल तर दहा नंबरच्या पान्याचं आहे. किल्ली काढून कॉम्प्युटर झोपेपर्यंत पाच-दहा मिनिटं थांबायचं. आधी काळी वायर सोडायची, मग तांबडी. लावताना आधी तांबडी, मग काळी. क्रम चुकला आणि तांबडीवरचा पाना बॉडीला टेकला, तर ठिणगी उडते आणि पान्याला खळगा पडतो. खरा घोळ दुकानात होतो. बॅटरीची टर्मिनलं डावी-उजवी अशा दोन तऱ्हांची असतात, आणि दुकानदाराकडे नेमकी दुसरी शिल्लक असते. “चालून जाईल साहेब, उलटी बसवू.” उलटी बसवली, की काळी वायर टर्मिनलपासून दोन बोटं अलीकडे थांबते. मग तो ती ओढतो, आपण त्याच्याकडे बघतो, आणि पोरगा सायकलवरून दुसऱ्या दुकानात जातो. नवी बॅटरी बसली की डॅशबोर्डवर सणासारखे दिवे लागतात आणि थोडं अंतर चाललं की बहुतेक विझतात. जुनी बॅटरी दुकानदार वजनावर घेतो आणि तिचे पैसे बिलातून कापतो. ती रीतसर गोळा होऊन गाळली जावी, ही जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकावर टाकली आहे.

सरकारनेही हा साहेब-शिपाई भेद मनापासून पाळला. विजेच्या गाडीवर जीएसटी २०१९ पासून ५ टक्के. तिच्यातली शिशाची बॅटरी बदलायला गेलात तर २८ टक्के. सप्टेंबर २०२५ मध्ये ते १८ वर आले, त्याबद्दल आभार. त्याआधी ऑगस्टमध्ये अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोल माफ झाला. मालवाहू गाड्या त्यातून वगळल्या. ज्या गाडीच्या अंगावर वसुंधरेबद्दल सगळ्यात जास्त मजकूर, ती टोल भरून पुढे.

डोंबिवलीच्या व्हॅनला चार-पाच हजारांची नवी बॅटरी बसली, पण बिल अडकलं. विजेच्या गाड्यांच्या खर्चात ‘बॅटरी’ या शीर्षकाखाली लाखांच्या खालची रक्कम सिस्टीम घेईना. ते शेवटी ‘किरकोळ स्टेशनरी’त मंजूर झालं, स्टेपलरच्या पिना आणि फुलस्केप कागदांच्या मधे. ‘गाडी बंद पडण्याचे कारण’ या रकान्यात चारच पर्याय होते: पंक्चर, अपघात, चार्ज संपला, चालकाची चूक. सुपरवायझरने तिसरा निवडला. मुख्य कार्यालयाने लगेच विचारलं, ब्याऐंशी टक्के असताना चार्ज संपला कसा? त्याने मुकाट्याने चौथा निवडला.

त्यामुळे ड्रायव्हरला ‘चार्जिंगची शिस्त’ या विषयावर दीड तासाचं ऑनलाइन प्रशिक्षण घ्यावं लागलं. ते त्याने दुपारी गाडीत बसूनच ऐकलं. फोनला चार्ज कमी होता, म्हणून तो गाडीला लावला होता. किल्ली ‘ऑन’ होती. ‘रेडी’ कशाला करायची? उगाच मोठी बॅटरी खर्च झाली असती.