शंभरावं संमेलन आणि आमचे सेक्रेटरी

आमच्या मुलुंडच्या सोसायटीचे सेक्रेटरी अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला जाणार आहेत. पहिल्यांदाच. 99वं साताऱ्यात झालं, 2026च्या जानेवारीत. तेव्हा त्यांच्या मागे सोसायटीचं ऑडिट होतं. शंभरावं मात्र सोडायचं नाही, असं त्यांनी ठरवलंय. गच्चीच्या गळतीची नोटीस त्यांनी यमकात काढली, तेव्हाच कमिटीनं सावध व्हायला हवं होतं.

‘‘तिथे असतं काय काय?’’ त्यांनी विचारलं.

म्हटलं, आधी ग्रंथदिंडी. पुढे लेझीम, मध्ये पालखी, मागे पुढारी. पालखीत कुठला ग्रंथ आहे, हे खांदेकऱ्यांना विचारून त्यांची पंचाईत करू नका. मग उद्घाटन. स्वागताध्यक्ष बहुधा राजकारणातले, कारण मांडव कवितेवर उभा राहत नाही. अध्यक्षांच्या भाषणाची छापील प्रत हवी असेल तर आधीच मिळवा. नंतर ती भोजनकक्षात टेबल पुसायला वापरलेली सापडते. शेवटच्या दिवशी ठराव. सीमाप्रश्नाचा ठराव पिढ्यान् पिढ्या चालू आहे. अभिजात दर्जाचाही हक्काचा ठराव होता. 3 ऑक्टोबर 2024ला दर्जा मिळाला आणि ठराव लिहिणाऱ्यांची मोठीच अडचण झाली.

‘‘म्हणजे परंपरा आहे,’’ सेक्रेटरी भारावले.

आहे तर! न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींनी 1878ला पुण्यात पहिलं ग्रंथकार संमेलन भरवलं. दुसऱ्याचं, 1885चं, निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेलं. त्यांनी येत नाही म्हणून कारणांसकट खणखणीत पत्र पाठवलं. त्या संमेलनात कोण काय बोललं ते अभ्यासकांना विचारावं लागतं. न आलेल्याचं पत्र अजून वाचलं जातं. 1975ला कराडला दुर्गाबाई भागवत अध्यक्ष. आणीबाणी चालू, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्री. आणि बाईंनी त्यांच्यादेखत आजारी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. पुढे 2019ला यवतमाळला नयनतारा सहगल यांना उद्घाटनाचं निमंत्रण दिलं आणि मग परत घेतलं. कन्फर्म तिकीट रद्द करायची सोय रेल्वेत प्रवाशाकडे असते, साहित्यात ती यजमानाकडे असते.

सेक्रेटरींनी हे सगळं सभ्यपणे ऐकलं. मग मुद्द्यावर आले. ‘‘कविता कधी वाचायला मिळते?’’

2018च्या जूनमध्ये याच मुलुंडमध्ये नाट्यसंमेलन झालं, साठ तास सलग. तेव्हा गेला होतात का, असं मी विचारलं. ‘‘छे! तिथे आपल्याला कुठे बोलायला मिळणार?’’ इतका प्रामाणिक साहित्यिक मी पाहिला नव्हता.

मग त्यांना कविकट्टा समजावला. निमंत्रितांचं कविसंमेलन वेगळं. तिथे शाल, श्रीफळ आणि मानधन. कट्ट्यावर नाव नोंदवायचं आणि नंबराची वाट पाहायची. समोर बसलेले सगळे नंबराचेच. टाळ्या द्यायच्या त्या उधारीवर, आपल्या वेळी परत मिळाव्यात म्हणून. पण ज्याची कविता होते तो चहाला जातो आणि परत येत नाही. शेवटच्या कवीसमोर माइकवाला उरतो, तोही वायर गुंडाळत.

सेक्रेटरींचा चेहरा उतरला. त्यांना बरं वाटावं म्हणून मी दिल्लीची गोष्ट सांगितली. 2025च्या फेब्रुवारीत 98व्या संमेलनासाठी पुण्याहून साहित्यिकांची खास गाडी सुटली. धावत्या डब्यांतच संमेलन भरलं, कविता झाल्या.

‘‘आणि श्रोते?’’

‘‘गाडी थांबेपर्यंत जागच्या जागी.’’

ते एकदम ताठ बसले. मोबाइलवर लोकलचं वेळापत्रक उघडलं, बोट फिरवत राहिले. मी आपला चहा संपवून निघालो.

सोमवारी सकाळी ते माझ्याच फास्ट लोकलच्या डब्यात चढले, हातात वही. मुलुंडनंतर ही गाडी थेट घाटकोपरला थांबते. नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी : चार स्टेशनं, चार कडवी.