चौकश्या

ग्रुप टूरने फिरणाऱ्या माणसाला हल्ली जरा खालच्या पट्टीत बोलावं लागतं. माझा भाचा पाठीवर बोचकं टाकून एकटाच हिमाचलात महिनाभर राहून आला, तेव्हा घरात त्याचं कोण कौतुक! मी आसाम-मेघालय हिंडून आले तर तो म्हणाला, "मावशी, बसच्या काचेतून काय डोंबलाची संस्कृती दिसणार?"

काचेतून फारसं काही दिसत नाही, खरं आहे. पण त्या बसमध्ये तीसेक मराठी माणसं होती, बहुतेक सगळी साठी ओलांडलेली, आणि संकोच नावाची वस्तू त्यातली बरीच जणं घरी कुलपात ठेवून आली होती. भाचा एखाद्या खासी कुटुंबात आठवडाभर राहील, चुलीपाशी बसेल, वहीत टिपणं काढेल. पण यजमानाला "तुमचं सासूशी पटतं का हो?" असं विचारायची त्याची छाती व्हायची नाही. आमच्या बसने ते ओळख झाल्यावर दहाव्या मिनिटाला विचारलं, आणि उत्तर मिळेपर्यंत पिच्छा सोडला नाही.

या बसमध्ये कुणाला नाव नव्हतं. पहिल्या दिवशी ओळख परेड झाली होती, पण ती विसरण्यासाठीच असते. त्यानंतर माणसं ओळखली जात ती खाऊवरून, नाहीतर दुखण्यावरून. माझ्या रूम पार्टनर म्हणजे भडंगवाल्या काकू, सांगलीच्या. शिवाय गुडघेवाल्या काकू, मालवणवाल्या काकू, साताऱ्याचे इतिहासवाले सर, आणि डोंबिवलीचे निवृत्त बँक मॅनेजर, ज्यांना सगळे 'साहेब' म्हणत. या सगळ्यांना हाकणारा टूर मॅनेजर पंचविशीचा पोरगा होता. त्याला सगळ्या बायका 'बाळा' म्हणत आणि सगळे पुरुष 'अहो मॅनेजर' म्हणत, त्यामुळे तो दिवसातून बऱ्याच वेळा लहानाचा मोठा होई.

ग्रुप टूरचं पंचांग सहा-सात-आठ असतं, हे जाणकारांना सांगायला नको. सहाला चहा, सातला नाश्ता, आठला बस. ईशान्येत हे पंचांग चालत नाही. नोव्हेंबरात तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पाचला मिट्ट काळोख. म्हणून बाळाने पाच-सहा-सात जाहीर केलं आणि साहेबांनी लगेच आक्षेप घेतला, की घड्याळ देशभर एकच आहे. तेव्हा आसामच्या ड्रायव्हरने सांगितलं, की आमच्याकडे चहाच्या मळ्यांत इंग्रजांच्या काळापासून 'बागान टाइम' चालतो, तुमच्या घड्याळापेक्षा एक तास पुढे. साहेबांची पुढची चौकशी तयारच होती: "मग मळ्यातला माणूस बँकेत कुठल्या वेळेनं येतो?" ड्रायव्हर म्हणाला, "तो मळ्याच्या वेळेनं निघतो, बँक सरकारी वेळेनं उघडते. बाहेर बसून राहतो." साहेब पुढे बराच वेळ गप्प होते. चाळीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला काढलेल्या माणसाला असं एकदम बाहेरच्या बाकावर बसवलं की होतं तसं.

काझीरंगात गेंडा बघायचा असतो. तो आम्ही पाहिला, भरपूर पाहिला. 2022च्या गणनेत तिथे 2613 एकशिंगी गेंडे भरले, त्यातले निदान डझनभर तरी आमच्या जीपसमोर चरत उभे होते. पहिल्या गेंड्याला बारा मिनिटं मिळाली, बाराव्याला "हां, आणखी एक" एवढंच. गाइडने सांगितलं की गेंडा शेण टाकायला रोज एका ठरलेल्या जागीच येतो, आणि त्या जागेचे ढीग साचतात. यावर गुडघेवाल्या काकूंनी त्यांच्या सोसायटीतल्या कुत्रे फिरवणाऱ्या मंडळींबद्दल जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

साहेबांना मात्र शिंगाच्या भावात रस होता. गाइड टाळत होता. शिकारीमुळे त्या विषयावर तिथे कुणी मोकळेपणी बोलत नाही, हे माझ्यासारख्या वाचून आलेल्या बाईला माहीत होतं, म्हणून मी खाली बघत होते. साहेब कुठले बघतायत खाली! त्यांनी तीनदा विचारलं. शेवटी गाइडने जीप थांबवली आणि सांगितलं: शिंग म्हणजे आपली नखं असतात तोच पदार्थ, औषध-बिवषध काही नाही. सरकारच्या तिजोरीत वर्षानुवर्षं साठलेली शिंगं होती. मेलेल्या गेंड्यांची, चोरांकडून पकडलेली. 2021 साली 22 सप्टेंबरला इथेच पलीकडे बोकाखातला त्यांतली 2479 शिंगं चितेवर रचून जाळली.

"जाळली?" साहेबांचा आवाज चिरकला. "लिलाव नाही केला?"

"लिलाव केला असता तर भाव ठरला असता ना, सर."

मॅनेजरकी गेली तरी स्वभाव राहतो. साहेब रात्री जेवताना म्हणाले, ॲसेटची किंमत शून्यावर आणायला अख्खा ॲसेट जाळणारं खातं मी उभ्या नोकरीत पाहिलं नाही. पण माणूस हुशार असला पाहिजे.

माजुलीला निमाती घाटावरून फेरी बोटीने जायचं. ब्रह्मपुत्रेतलं हे बेट नदी दर पावसाळ्यात कुरतडते, शंभर-सव्वाशे वर्षांत निम्म्याहून जास्त खाल्लं तिने. हे ऐकून सगळ्यांनी "अरेरे" म्हटलं आणि फोटो काढले. साताऱ्याचे सर तेवढे उठून नावाड्याकडे गेले. "जमीन नदीत गेली की सातबाऱ्याचं काय होतं?" नावाड्याला सातबारा कळेना. सरांनी हातवारे करून जमीन, कागद, तलाठी, शिक्का असं सगळं उभं केलं आणि नावाडी हसायला लागला. म्हणाला, कागद राहतो, जमीन जाते. कधीकधी चार वर्षांनी नदी दुसरीकडे वाळूचं बेट वर काढते, मग सगळे आपापले कागद घेऊन तिकडे धावतात आणि भांडतात. सरांच्या चेहऱ्यावर गावी आल्याचा आनंद पसरला.

सत्रांमध्ये, म्हणजे तिथल्या वैष्णव मठांमध्ये, मात्र आमची चौकशी थोडा वेळ बंद पडली. पंधराव्या-सोळाव्या शतकात शंकरदेवांनी जो वैष्णव पंथ उभा केला, त्याच्या नामघरात मूर्ती नाही, आसनावर ग्रंथ ठेवलेला. पांढऱ्या धोतरातली ब्रह्मचारी मुलं 'खोल' म्हणजे मृदंग आणि टाळ घेऊन उभी राहिली आणि वाजवायला लागली. तो ठेका ऐकून मराठी माणसाचे पाय जागेवर राहणं कठीण. तीन-चार काका "विठ्ठल, विठ्ठल" करत मागे डोलायला लागले. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लय वाढवली. मग भडंगवाल्या काकूंनी त्यांच्यातल्या सर्वांत लहान मुलाला बाजूला घेऊन जेवण कोण करतं, पोळ्या की भात, घरची आठवण येते का, हे विचारून घेतलं. भात, आम्हीच करतो, येते, पण क्रिकेट खेळताना नाही. काकूंनी त्याला भडंगाचा पुडा दिला. सत्रात बाहेरचं खातात की नाही, हे मी विचारणार तोवर पुडा संपला होता.

गुवाहाटीकडे परतताना बसमध्ये सरांनी माइक घेतला. 1671ची सराईघाटची लढाई, लाचित बरफुकन, ब्रह्मपुत्रेतलं नौदल. लाचितच्या नावाचं सुवर्णपदक आपल्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीत सर्वोत्तम कॅडेटला देतात, हे ऐकून टाळ्या पडल्या. मग सर खऱ्या मुद्द्यावर आले. लाचितने ज्याला हरवलं तो मुघलांचा सेनापती रामसिंह म्हणजे मिर्झाराजे जयसिंहाचा मुलगा. 1666 साली आग्र्यात शिवाजी महाराजांचा जामीन राहिला होता तो हाच. महाराज निसटले, रामसिंहावर दरबाराची खप्पा मर्जी झाली, आणि पुढे त्याची रवानगी झाली आसामवर.

ड्रायव्हर एवढा वेळ रस्त्याकडे बघत ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे तुमचे महाराज सुटले, आणि पार्सल आमच्याकडे आलं?"

सर हे उत्तर आता साताऱ्यातल्या प्रत्येक व्याख्यानात सांगतात, असं कळतं.

शिलाँगच्या पुढे मोठी बस सोडून छोट्या गाड्या घेतल्या. पहिला थांबा मॉफलांगची देवराई. तिथला खासी गाइड आत शिरण्यापूर्वीच बजावतो, की इथून काहीही न्यायचं नाही. फळ नाही, काटकी नाही, पडलेलं पानसुद्धा नाही. आमच्या गाडीत शांतता पसरली आणि सगळे गुडघेवाल्या काकूंकडे बघू लागले. काकूंकडे गुवाहाटीपासून एक पिशवी होती. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या फांद्या, हॉटेलच्या आवारातून, चहाच्या मळ्यातून, एका पोलीस चौकीच्या कुंडीतूनही. पण काकू मूळच्या संगमेश्वरच्या निघाल्या. "देवराईतलं उचलत नाहीत, मला शिकवू नका," त्या कडाडल्या आणि गाइडला बाजूला सारून ग्रुपचा ताबाच घेतला. आमच्याकडेही देवराईत कोयती चालत नाही, चालवली तर काय होतं याच्या तीन गोष्टी त्यांनी सांगितल्या, तिन्हींत माणूस मेला. बाहेर येताना त्यांनी प्रत्येकाला बूट झटकायला लावले. एका काकांच्या स्वेटरला चिकटलेलं सुकं पान त्यांनी स्वतः परत आत नेऊन ठेवलं. गाइड म्हणाला, पुढच्या महिन्यात आलात तर माझी ड्यूटी तुम्ही करा.

आता ती सासूची गोष्ट. खासी समाजात वंश आईकडून चालतो, आडनाव आईच्या कुळाचं, आणि वडिलोपार्जित घर सगळ्यांत धाकट्या मुलीकडे जातं. एवढं पुस्तकात असतं. आमच्या गाडीचा ड्रायव्हर खासी होता आणि भडंगवाल्या काकू त्याच्या शेजारच्या सीटवर होत्या. सीट रोटेशनमुळे हा योग आला.

"तुम्हारा सासू तुमको त्रास देता है क्या?"

त्याने गिअर बदलला. मग तो जे बोलायला लागला ते डाउकी येईपर्यंत. त्याची बायको धाकटी, म्हणजे 'खातदुह'. लग्नानंतर तो तिच्या घरी राहायला गेला. सासू तिथेच, सासरे तिथेच, बायकोचा मामा दर रविवारी चर्चनंतर येऊन घरातल्या मोठ्या गोष्टी ठरवणार. त्याच्या भावाने मात्र थोरली केली. थोरलीला घर मिळत नाही, पण नवऱ्याबरोबर वेगळं बिऱ्हाड थाटता येतं. "तो सुखी आहे," ड्रायव्हर म्हणाला. "माझ्याकडे घर आहे."

काकूंनी डोळे पुसले. सांगलीत त्यांनी चौतीस वर्षं सासूबाईंबरोबर काढली होती आणि एवढ्या लांब, डोंगरात, एका मिशीवाल्या माणसाकडून त्यांना आपलीच कहाणी ऐकायला मिळत होती. मग त्यांनी विचारलं, मग गावच्या सभेत तरी बायकाच असतील? नाही, तो म्हणाला, परंपरेने दरबार पुरुषांचा.

"म्हणजे किल्ल्या बायकांकडे आणि मिटिंगा पुरुषांकडे," काकू मागे वळून आम्हाला म्हणाल्या. "मग यात नवीन काय आहे?"

मातृवंशावर मी वाचलेल्या कुठल्याच लेखात हे इतक्या थोडक्यात नव्हतं. ड्रायव्हरने हेही सांगितलं की पुरुषांच्या हक्कांसाठी शिलाँगमध्ये 1990 साली 'सिंगखाँग रिंपेई थिम्माई' नावाची संघटना निघाली आहे. मागच्या सीटवरून साहेबांनी वर्गणी किती, असं विचारलं. त्यांच्या सौभाग्यवतींनी खिडकीबाहेर बघत फक्त "बाहेरच्यांना घेत नसतील" एवढंच म्हटलं.

चेरापुंजीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. 1860-61च्या बारा महिन्यांत तिथे 26,461 मिलिमीटर पाऊस पडला होता. आम्ही होतो तेव्हा टिपूसही नव्हता, स्वच्छ ऊन, आणि लोक कळशा घेऊन पाण्याला निघालेले. पैसे भरूनही पाऊस न दाखवल्याबद्दल बाळाला बोलणी खावी लागली. जेवायला तिथल्या आंबवलेल्या सोयाबीनचं 'तुंगरिंबाई' आलं. वासासरशी निम्मं टेबल उठलं. मालवणवाल्या काकूंनी एकटीने तीनदा घेतलं, आणि सुकटीला नाकं मुरडणाऱ्यांची जात कुठली असते तेही ऐकवलं.

रिवाईचा मुळांचा पूल गुडघेवाल्यांच्याही आवाक्यातला. रबराच्या झाडाची जिवंत मुळं पोफळीच्या पोकळ खोडातून ओढ्यापलीकडे न्यायची, ती तिथल्या मातीत रुजू द्यायची, मग त्यांच्यावर आणखी मुळं विणायची. पूल चालण्याजोगा व्हायला पंधरा-वीस वर्षं सहज जातात, आणि वय वाढेल तसा तो मजबूत होतो. साहेबांनी कंत्राटदार कोण होता ते विचारलं. गाइडचे आजोबा. "म्हणजे पूल पुरा झाला तेव्हा कंत्राटदार हयात नव्हता?" नव्हता. "मग बिल कुणाला दिलं?" इथे गाइडने हात टेकले. पण साहेब पुलाच्या मध्यावर जाऊन दोनदा उडी मारून आले, आणि डोंबिवलीतल्या एका पुलाचं नाव घेऊन त्यांनी मुळांना नमस्कार केला.

शेवटचं गाव मॉलिनाँग. वेताच्या टोपल्या, फुलांच्या वाटा, झाडलेलं अंगण. एका अंगणात एक खासी आजी बसल्या होत्या. भडंगवाल्या काकू त्यांच्याशेजारी जाऊन टेकल्या; आजींनी पान-सुपारी पुढे केली, 'क्वाय' म्हणतात तिला. ती चावली की कानशिलं तापतात. काकूंना घाम फुटला, पण त्या हटल्या नाहीत. आजींची नात हिंदी बोलत होती, तिच्या मार्फत काकूंनी मुलं, नातवंडं, गुडघे, सगळं काढून घेतलं. मग आजींनी हात वर करून त्यांना थांबवलं. आता त्या विचारणार होत्या.

एवढे म्हातारे मिळून कुठे चाललात? मुलं कुठे आहेत?

ऑस्टिन, मेलबर्न, पुणे, दुबई, पुन्हा ऑस्टिन, अशी उत्तरं आली. आणि मग घरी कोण आहे? कुणीच नाही, कुलूप. धाकटी मुलगीही नाही? आहे, ती टोरांटोला. आजींनी नातीकडे पाहिलं. नात त्यांच्या धाकट्या मुलीची मुलगी, आणि बहुतेक घर सोडून शिलाँगला जाण्याच्या गोष्टी बोलत असावी, कारण तिने लगेच विषय बदलला आणि आजीच्या वतीने, किंवा स्वतःच्याच मनाने, विचारलं:

"ही ट्रिप एका माणसाला किती पडली?"

साहेबांनी खुशीत आकडा सांगितला. सरांनी चष्मा काढला. त्यांचा आकडा सहा हजारांनी जास्त होता. मालवणवाल्या काकूंचा चार हजारांनी कमी, कारण त्यांनी गणपतीतच बुकिंग केलं होतं. गुडघेवाल्या काकूंना नणंदेच्या ओळखीने सूट मिळाली होती, जी कुणालाही सांगायची नव्हती. मिनिटभरात अंगणात तीस माणसं आणि तीस आकडे झाले. आजी एकाकडून दुसऱ्याकडे मान वळवत मन लावून ऐकत होत्या, आणि नात त्यांना एकेक आकडा खासीत समजावून देत होती. कुणीतरी ओरडलं, "बाळाला बोलवा!"

बाळा तोवर गाडीत शिरून आतून दार लावून बसला होता आणि काचेतून सगळ्यांना हाताने खुणावत होता, की चला, चला, उशीर होतोय, अंधार पडेल.