रोहित पक्ष्यांना जिल्हाबंदी नाही

शिरूरकराला समुद्र लांबच. कोकणात उतरायचं तर आधी पुणं ओलांडावं लागतं, आणि त्यातच अर्धी सुट्टी खर्ची पडते. म्हणून मामांनी डॉल्फिनचा बेत मोडून भिगवण काढलं. "पाणी आहे, होडी आहे, पक्षी आहेत. पाणी खारट नाही एवढंच, तर मासळीत मीठ असतंच."

न्हावरा मागे टाकलं की पारगावाला भीमा आडवी येते. अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. जवळच रांजणगाव सांडसला मुळा-मुठा भीमेला मिळते आणि अख्ख्या पुण्याच्या आंघोळीचा हिशेब तिच्या स्वाधीन करते. मामींनी विचारलं, "हेच पाणी का भिगवणला?" मामा म्हणाले, "हेच. फक्त तिथं त्याला बॅकवॉटर म्हणतात."

चौफुल्याला कलाकेंद्रांच्या पाट्या सुरू झाल्या. मामांना इतक्या एकाग्रतेनं रस्त्याकडे पाहताना मी कधी पाहिलं नव्हतं. पुढं कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांनी गाडीच्या काचा वर करायला लावल्या, त्या भिगवण येईपर्यंत कुणी खाली घेतल्या नाहीत.

कुंभारगावच्या काठावर होडीवाल्या पोरानं आम्हाला वजनाप्रमाणे बसवलं. मामा मधोमध. पोराच्या गळ्यात दुर्बीण, पायात स्लीपर, आणि पक्ष्यांची इंग्रजी नावं अशी तोंडपाठ की मामा एकदम गप्प झाले. "त्यो शेकाट्या. त्यो राखी बगळा. ती तांबूस जोडी चक्रवाक. आन् त्यो डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या हायत ना, त्यो बार हेडेड गूज. तिबेट-मंगोलियाकडनं येतोय, हिमालय ओलांडून."

"हिमालय?" मामा म्हणाले. "आणि आम्हाला टोलनाका ओलांडवेना!"

रोहित लांब होते. पाण्यावर कुणीतरी गुलाबी साडी वाळत घातल्यासारखी त्यांची रांग दिसत होती. पोरानं इंजिन बंद केलं आणि बांबूनं होडी रेटू लागला. जवळ गेल्यावर त्यांची जेवणाची तऱ्हा कळली: मान खाली, चोच उलटी, चिखलपाणी आत घ्यायचं, गाळायचं, बाहेर टाकायचं. शेवाळ आणि बारीक कोळंबीसारखे जीव पोटात जातात, आणि त्यांच्यातलं रंगद्रव्य पिसांत उतरतं. म्हणून गुलाबी.

"म्हणजे रंग खाण्यातून येतो होय?" मामींनी मामांकडे नीट पाहिलं. "तरीच. चाळीस वर्षं चहा."

मामांनी उत्तर म्हणून मोबाईल काढला आणि उभे राहिले. होडी डुलली. "काका, बसा खाली, हालू नका," पोरगं कुजबुजलं. काका बसलेही असते, पण तेवढ्यात हातातल्या मोबाईलवर बँड वाजला. त्यांच्या साडूंचा फोन होता. सगळी रांग धावत सुटली, पंखांखालचा लाल-काळा रंग एकदम उघडला, आणि गुलाबी ढग वळून समोरच्या तीरावर उतरला.

"गेले," पोरगं म्हणालं. "आता ते करमाळ्यात."

"म्हणजे?"

"पल्याडचा काठ सोलापूर जिल्हा. त्यास्नी हद्द नाय. आपल्याला डिझेल लागतंय."

परतीला तो आपणहून बोलू लागला. उजनी धरण 1980 साली पुरं झालं आणि भीमाकाठची शेतं, घरं, देवळं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरलं की अजून डोकं वर काढतं. "आमचा आजा शेतकरी. पानी आलं म्हणून बाप मच्छीमार. पाखरं आली म्हणून मी गाईड."

"आणि तुझं पोरगं?"

"ते पानी ठरवंल."

मामांना यावर काही सुचेना. ही गोष्ट विरळा. काठावर उतरून त्यांनी फोटो पाहिले. एकात आकाश, एकात मामींचा कान, बाकी सगळ्यांत पाण्यावरचे गुलाबी ठिपके. तेवढ्यात पोरानं सुचवलं की भादलवाडीच्या तलावातल्या झाडांवर चित्रबलाक घरटी करतात, जवळच आहे.

"घरटी करून बसलेत ना?" मामांनी खात्री करून घेतली. "मग करमाळ्याला पळायचे नाहीत. चला."

मामींनी आधी त्यांचा मोबाईल आपल्या पर्समध्ये टाकला.